गोट्यांचा खेळ कोणाचा?

जानेवारीच्या १४ तारखेस बडोद्यातील कोणत्याही गच्चीकडे पाहावे. शहराच्या पश्चिम अंगास, रेल्वे स्थानकापलीकडे, गोरवा आणि एलोरा पार्क यांच्या शेजारी वसलेल्या सुभानपुऱ्यातही त्या दिवशी रस्ते ओस पडतात आणि गच्च्या भरून जातात. उत्तरायणाच्या पतंगाला वयाचे बंधन नसते. सहा वर्षांची नात फिरकी धरून उभी असते, तिचे वडील पतंगाला कण्णी बांधीत असतात, आणि पेच लढवण्याची वेळ आली की दोरा आपसूक आजोबांच्या हाती जातो. कारण ढील कोठवर द्यावी आणि खेच केव्हा मारावी हे घरात त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. ‘हे काय वय आहे पतंग उडवण्याचे?’ असे त्यांना कोणी विचारीत नाही.

हेच आजोबा पुढल्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात उकिडवे बसून गोटीला नेम धरू लागले, तर मात्र शेजारची खिडकी उघडेल. सूनबाई काळजीत पडतील. फार तर, नातवाची समजूत घालण्यासाठी बसले असतील, असे म्हणून त्यांना क्षमा केली जाईल. वस्तुतः दोन्ही खेळ हाताच्या हुन्नराचे, दोन्ही नजरेच्या अंदाजाचे, दोहोंतही प्रतिपक्षाला गारद करण्याचा तोच निर्मळ आनंद. तरीही पतंग सर्वांचा आणि गोटी तेवढी पोराटोरांची, ही वाटणी केली कोणी? गोट्यांची स्पर्धा, आणि तीही आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतच्या सर्वांना खुली, ही कल्पना ऐकताच हसू का यावे?

प्रथम या खेळाचे साहित्य पाहू गेल्यास ते पोरकट खासच नाही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत दगडाच्या आणि भाजलेल्या मातीच्या लहान लहान गोळ्या सापडल्या आहेत. त्यांतल्या काही खेळण्यासाठी असाव्यात, असे पुराणवस्तुसंशोधक मानतात; अर्थात गोफणीचा गोळा कोणता आणि खेळातला कोणता, हे दर वेळी सांगता येतेच असे नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस हा विश्रांतीच्या वेळी लहान मुलांना जमवून गोट्या आणि कवचीची फळे घेऊन खेळत बसे, असे त्याचा चरित्रकार स्युटोनियस याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे साम्राज्य सांभाळणाऱ्या माणसाला जे करताना संकोच वाटला नाही, ते करायला निवृत्त हेडक्लार्कला संकोच वाटतो.

मराठी घरात जिला गोटी म्हणतात तिला सुभानपुऱ्याच्या रस्त्यावर लखोटी म्हणतात. या गुजराती नावातच लाख आहे. एके काळी लाखेच्याही गोट्या होत असत, याची ती खूण. मातीच्या भाजलेल्या गोट्या घरोघर होत. दगडी गोट्यांपैकी सर्वांत देखणी ती अकीकाची, आणि अकीकाला घाट व झिलई देणारे कारागीर तर बडोद्याहून फार दूर नाहीत. खंबायतेत तो धंदा शतकानुशतके चालत आलेला आहे. काचेची गोटी त्या मानाने अगदी अलीकडची. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे काचकारांचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तापलेल्या काचेच्या कांडीतून गोल तुकडा कापून घेण्याची एक खास कात्री निघाली, आणि काचेच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. पुढे १९०५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील मार्टिन ख्रिस्तेन्सन याने गोट्या वळण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. तेव्हापासून या कामाचे तत्त्व फारसे बदललेले नाही. वितळलेल्या काचेचा थेंब कापून फिरत्या रुळांच्या खाचांत सोडायचा. रुळांच्या चालीने तो गडगडत पुढे सरकतो, गडगडता गडगडता गोल होतो आणि टोकाला पोचेपर्यंत निवून घट्ट होतो. लाडू वळणारीच्या तळहातात जे घडते तेच येथे लोखंडी रुळांवर घडते.

आपल्याकडच्या मुलांना मात्र बऱ्याच काळपर्यंत काचेच्या गोटीचा एक वेगळाच साठा ठाऊक होता, तो म्हणजे सोड्याची बाटली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली अशी बाटली पेटंट केली की, जिच्या गळ्यात एक गोटी अडकलेली असते आणि आतल्या वायूच्या दाबाने तीच बुचाचे काम करते. इंग्लंडातून ही बाटली कधीच गेली. हिंदुस्थानात ‘गोटी सोडा’ या नावाने ती टिकली. बाटली फुटली की आतली हिरवट गोटी कोणाची, यावरून किती मैत्र्या तुटल्या असतील त्याची गणती नाही. काच हा पदार्थ सुभानपुऱ्याला तसा परका नव्हेच. ‘येरा’ नावाचे काचेचे पेले ज्या उद्योगसमूहाने घरोघरी पोचवले तो १९०७ साली स्थापन झालेला ॲलेम्बिक समूह शेजारच्या गोरव्याचाच.

आता खेळाकडे वळावयाचे. गोटी मारण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. युरोप-अमेरिकेत मूठ जमिनीला टेकवतात, वळवलेल्या तर्जनीवर गोटी ठेवतात आणि मागून अंगठ्याने ती उडवतात. बोटांचे सांधे जमिनीवरून उचलले किंवा मारताना हात पुढे सरकवला, तर तो अपराध ठरतो. आपली देशी तऱ्हा याहून निराळी आणि, स्पष्टच सांगायचे तर, अधिक डौलदार. डाव्या हाताचा अंगठा जमिनीत रोवायचा. त्याच हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी गोटीसकट ते बोट मागे ताणायचे. अंगठा हा स्थिर खांब, बोट ही धनुष्याची कांब. ताण सोडला की बोट सपकन पुढे येते आणि गोटी सुटते. बोट किती मागे घेतले यावर वेग, आणि अंगठा कोठे रोवला व मनगट कसे वळवले यावर दिशा व उंची अवलंबून असते. या रीतीने पाच-सहा हातांवरची गोटी हवेतल्या हवेत टिपणारे खेळाडू एके काळी गल्लीगल्लीत असत. हा हुन्नर व्याख्यानाने शिकवता येत नाही. कोणाच्या तरी शेजारी बसून बोट दुखेपर्यंत मारीत राहावे लागते.

टकरीचे शास्त्रही मौजेचे आहे. सर्वसाधारण काचेची गोटी १६ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचे वजन सुमारे ५ ग्रॅम भरते. २५ मिलिमीटरचा ढब्बू गोटा २० ग्रॅमपर्यंत जातो. व्यास दीडपट झाला की वजन सव्वातीन पटींहूनही जास्त होते, हे गणित शाळेत न गेलेल्या मुलालाही हाताने कळलेले असते. म्हणून तर डाव सुरू होण्यापूर्वी ‘ढब्बू चालणार नाही’ असा करार होतो. समान वजनाच्या दोन गोट्यांची नेमकी समोरासमोर गाठ पडली, तर मारणारीचा जवळजवळ सगळा वेग मार खाणारीकडे जातो; मारणारी जागच्या जागी थबकते आणि दुसरी भिरभिरत निघून जाते. पण हे घडते ते मारणारी गोटी हवेतून, न गडगडता आली तरच. ती जमिनीवरून गडगडत आली असेल तर अंगातली गिरकी उरते आणि टकरीनंतर ती दोन-चार बोटे पुढे सरकतेच. मुरलेला खेळाडू याचाच फायदा उठवतो. प्रतिस्पर्ध्याला दूर हाकलून स्वतः तेथेच राहायचे असेल तर तो उंचावरून मारतो. टकरीबरोबर स्वतःलाही पुढच्या जागी जायचे असेल तर गडगडत सोडतो. एका घावात दोन चाली साधणे ही बुद्धी बुद्धिबळाच्या जवळची आहे. या खेळाला केवळ हाताचा चाळा म्हणणाऱ्याने एकदा असा डाव पाहावा.

डावांचे प्रकार पुष्कळ असले तरी त्यांची कुळे दोनच म्हणता येतील, एक गलीचे आणि दुसरे रिंगणाचे. गल म्हणजे टाच रोवून गरगर फिरून जमिनीत केलेला वाटीएवढा खड्डा. गलीत गोटी घालून आधी हक्क मिळवायचा, मग प्रतिपक्षाच्या गोट्या टिपायच्या, पुन्हा गल घ्यायची, असा हा डाव चालतो. कोठे गल एक, कोठे तीन. एकलखाजासारख्या खेळात टोल्यांची गणती साध्या एक-दोन-तीनने होत नाही. प्रत्येक आकड्याला स्वतःचे नाव, आणि पाचाच्या आकड्याला पांडव आल्यावाचून राहत नाहीत. हरलेल्याने कोपराने किंवा मुठीच्या सांध्यांनी गोटी ढकलीत गलीपर्यंत न्यायची, ही शिक्षा पुष्कळ ठिकाणी. रिंगणाचा डाव सरळ असतो. जमिनीवर वर्तुळ आखायचे, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या गोट्या आत मांडायच्या, ठराविक अंतरावरून मारून त्या बाहेर काढायच्या. ज्याने जितक्या काढल्या तितक्या त्याच्या.

याच ‘त्याच्या’ शब्दात गोटीची बदनामी दडलेली आहे. खिशात वीस गोट्या घेऊन गेलेला मुलगा रिकाम्या खिशाने रडत घरी येतो आणि दुसऱ्याचे खिसे फाटेपर्यंत भरतात, हे पाहून आईबापांना त्यात जुगाराचे बी दिसले, तर त्यांना दोष देता येत नाही. पांढरपेशा मराठी घरांत ‘गोट्या खेळतो’ हे वाक्य मुलाच्या वर्तणुकीवरचा शेरा म्हणून वापरले जाई; अभ्यास बुडवणे, गुडघे मळवणे आणि नको त्या पोरांची संगत या तिन्ही गुन्ह्यांचा त्यात समावेश होता. त्यातही मुलींना अंगणातल्या गोट्या वर्ज्य. त्यांनी ओसरीवर सागरगोटे खेळावेत. म्हणजे नेम मुलग्यांचा आणि झेल मुलींचा, अशीही एक वाटणी होऊन गेली, जिला खेळाच्या दृष्टीने काडीचा अर्थ नाही.

जुगाराचा आक्षेप दूर करणे मात्र अगदी सोपे आहे. डावाच्या आधी सर्व गोट्या एका पेटीतून घ्यायच्या, डाव संपला की पेटीत परत टाकायच्या आणि गोट्यांऐवजी गुण मोजायचे. जगात जेथे जेथे या खेळाच्या स्पर्धा भरतात तेथे हेच केलेले आहे. खरी अडचण दुसरीच आहे. प्रत्येक गल्लीचा नियम वेगळा, आणि त्या नियमाचा अर्थ ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती. गोटी काडीला अडली तर काडी काढायची की नाही, वीत कोणाची मोजायची, ‘टॅम्प्लीज’ म्हटल्यावर मारलेला टोला धरायचा की सोडायचा, या प्रश्नांवर डावापेक्षा अधिक वेळ जातो. मुलांना त्याचे काही वाटत नाही. भांडण हाही त्यांच्या खेळाचाच भाग असतो. पन्नाशीच्या गृहस्थाला मात्र ‘रडीचा डाव’ हे शब्द चारचौघांत ऐकून घेणे परवडत नाही. प्रौढ माणूस ज्या खेळात उतरतो तेथे त्याला वाद मिटवणारे काहीतरी स्वतःच्या बाहेर हवे असते, मग ते पुस्तक असो की पंच.

आणि नेमक्या याच कामात बडोदे एके काळी अग्रेसर होते. तिसरे सयाजीराव महाराज यांच्या १८७५ ते १९३९ या दीर्घ कारकिर्दीत या शहरात व्यायामशाळांची मोठी परंपरा उभी राहिली, प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव मराठी मुलखात सर्वत्र झाले. हुतुतू हा खेळ तोवर गावोगाव वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या नियमांनी चालत असे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याचे नियम सुधारून १९२३ साली प्रसिद्ध केले आणि त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. तोच खेळ कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाला. मधल्या प्रवासात महाराष्ट्रातील अनेक संस्थांचा वाटा आहे, हे खरे. तथापि गल्लीतल्या खेळाला छापील नियम दिल्यावाचून तो गल्लीबाहेर पडत नाही, हे ओळखणाऱ्यांत बडोदेकर पुढे होते. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायामज्ञानकोश’ही बडोद्याहूनच निघाला, त्याचा पहिला खंड १९३६ सालचा. देशी खेळांची अशी पद्धतशीर नोंद त्यापूर्वी मराठीत क्वचितच झाली असेल.

गोट्या मात्र या वाटेने गेल्या नाहीत, आणि याचे कारण त्या काळाच्या ध्येयात शोधावे लागेल. तेव्हा राष्ट्राला हवा होता तो बलदंड तरुण. ज्या खेळात दम लागतो, अंग मळते, छाती रुंदावते, तो खेळ उपयोगी. ज्यात चारजण उकिडवे बसून बोट ताणतात, त्याने देश कसा उभा राहणार? पारतंत्र्यातल्या पिढीने असा विचार करणे स्वाभाविकच होते. पण त्यामुळे बोटांचे खेळ शाळेच्या मैदानाबाहेर राहिले, ही गोष्ट उरतेच.

त्यांतला एकच बोटांचा खेळ सुटला, तो म्हणजे कॅरम. टिचकीने सोंगटी मारून दुसरी सोंगटी भोकात घालणे हे काम गोटीने गोटी टिपून गल घेण्याचे सख्खे भावंड आहे. फरक इतकाच की कॅरमला ठराविक मापाचा पाट मिळाला, सोंगट्यांची संख्या ठरली, मारण्याच्या रेषा आखल्या गेल्या. १९५६ साली अखिल भारतीय कॅरम महासंघ स्थापन झाला आणि १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय महासंघही जन्मास आला. आज पासष्ट वर्षांचे गृहस्थ कॅरमच्या पाटाशी बसले तर त्यांना कोणी पोरकट म्हणत नाही. सोंगटी पाटावर चढली म्हणून प्रतिष्ठित झाली. गोटी मातीत राहिली म्हणून मागे राहिली. याहून दुसरे कारण दिसत नाही.

परदेशातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की वयाचा प्रश्न आणखी उघड होतो. इंग्लंडात ससेक्स परगण्यात टिन्स्ली ग्रीन नावाचे खेडे आहे. तेथील ग्रेहाउंड नावाच्या मद्यगृहाच्या अंगणात १९३२ सालापासून गुड फ्रायडेच्या सुमारास गोट्यांच्या अजिंक्यपदाचे सामने भरतात. गावकरी या परंपरेचा उगम थेट १५८८ सालापर्यंत नेतात. एका गवळणीसाठी दोन तरुणांत सर्व खेळांची चुरस लागली आणि शेवटचा निकाल गोट्यांवर लागला, अशी ती आख्यायिका. ती खरी मानण्याचे कोणावर बंधन नाही. खेळाची मांडणी मात्र अगदी काटेकोर. सहा फूट व्यासाचा, जमिनीपासून थोडा उंच असा गोल ओटा, त्यावर वाळूचा पातळ थर. मधोमध अर्ध्या इंचाच्या ४९ गोट्या एकमेकींना चिकटून. प्रत्येक संघात सहा खेळाडू. मारण्याची गोटी पाऊण इंचाची. आतली गोटी बाहेर गेली आणि मारणारी आत राहिली तर तोच खेळाडू पुढचा टोला घेतो. जो संघ २५ गोट्या आधी काढील तो विजयी. ४९ ही संख्या विषम ठेवली आहे ती बरोबरी होऊ नये म्हणून. खेळणारे बहुतेक प्रौढ असतात, काहींच्या दाढ्या पिकलेल्या असतात, आणि जर्मनीहून आलेल्या संघांनीही हे अजिंक्यपद नेलेले आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धा १९२२ साली सुरू झाली आणि आता न्यू जर्सीतील वाइल्डवुड या समुद्रकाठच्या गावी भरते. तेथील रिंगण दहा फुटांचे, आतल्या गोट्या तेराच, त्या अधिक चिन्हाच्या आकारात मांडलेल्या. सात आधी काढणारा जिंकतो. ही स्पर्धा चौदा-पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींपुरतीच असते, आणि मुलग्यांबरोबर मुलींचेही अजिंक्यपद असते. एकाच खेळाने एका देशात पांढऱ्या दाढीची माणसे रिंगणाभोवती आणली आणि दुसऱ्या देशात त्यांना कठड्यामागे उभे केले. खेळ काही बदलला नाही. वय ठरवले ते नियमपुस्तकाने.

सुभानपुऱ्यासारख्या वस्तीत असा डाव मांडायचा झाला तर काय लागेल? पहिली अडचण जमिनीची. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि लहान सोसायट्या यांनी भरलेल्या अशा भागांत मोकळी माती वर्षागणिक कमी होत आहे. आवारात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसले की गल खणता येत नाही, आणि गडगडती गोटी थांबत नाही. रस्त्यावरही आता गोट्यांपेक्षा वाहने अधिक. त्या मानाने रिंगणाचा डाव शहराला अधिक मानवेल, कारण त्याला फक्त सहा फुटांचे वर्तुळ पुरते, आणि तेही वाळू पसरून फरशीवर करता येते. कडेला विटांची एक ओळ लावली की वाळू पांगत नाही. पाऊस थांबल्यावर ती वाळवून चाळून पुन्हा पसरायची, एवढेच काय ते काम.

दुसरी अडचण गुडघ्यांची. उकिडवे बसणे हे साठीनंतर सर्वांना साधत नाही, आणि सोंग आणून ते साधवूही नये. तेव्हा ओटा थोडा उंच करावा किंवा ज्येष्ठांसाठी पाटावर बसून मारण्याची मुभा असावी. याहून पुढे जाऊन कोणी मेजावर कडा ठोकलेली वाळूची चौकट ठेवली, तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. कस पाहायचा तो बोटाचा, गुडघ्याचा नव्हे. गुजरातेत २०१० पासून भरणाऱ्या खेल महाकुंभात बालकांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत निरनिराळे वयोगट असतात, त्यामुळे वयोगटांची पद्धत येथे कोणाला नवी नाही. गोट्यांत मात्र वयोगट न पाडणेच अधिक मौजेचे होईल. धावण्यात दहा वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचे गृहस्थ एका रेषेवर उभे राहू शकत नाहीत. नेमात राहू शकतात. मुलाचे बोट लवचिक, आजोबांचा अंदाज पक्का, आणि दोघांच्या मध्ये घरातल्या सूनबाई, ज्यांना लहानपणी गोटीला हात लावू दिला नव्हता आणि सागरगोट्यांनी ज्यांची नजर भलतीच तयार झालेली आहे. अशा संघाला हरवणे सोपे जाणार नाही. एक दक्षता तेवढी हवी. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या हाती गोटी लागू देऊ नये. ती घशात अडकते. टवका उडालेली गोटीही पेटीतून वेळीच काढून टाकावी.

तिसरी अडचण, आणि विचार करण्याजोगी हीच. नियम छापले की गल्लीतला करार संपतो. मुले डावाआधी घासाघीस करून जो कायदा बनवतात, मोडतात आणि पुन्हा बनवतात, ते त्यांचे खरे नागरिकशास्त्र. पंच आला की ते शिक्षण थांबते, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हुतुतूची कबड्डी झाली तेव्हा गावोगावच्या कितीतरी तऱ्हा लोपल्या, हेही खरे. यावर तोड अशी निघू शकते की, स्पर्धा रिंगणाची करावी आणि गल मुलांच्या स्वाधीन ठेवावी. रिंगणाला पुस्तक, गलीला गल्ली.

या तोडीस एक अट मात्र आहे. गल टिकण्यासाठी तिचे शब्द टिकले पाहिजेत. सुभानपुऱ्यातील मराठी घरातला मुलगा आज घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि बहुधा शाळेत इंग्रजी बोलतो. दूध, भात, पाणी हे शब्द त्याच्यापाशी मराठीत असतात, कारण ते रोज लागतात. गल, राज्य, टोला, वीत, ढब्बू, रडी हे शब्द कोणत्याही क्रमिक पुस्तकात शिकवले जात नाहीत. ते फक्त डावात सापडतात आणि डाव बंद पडला की एका पिढीतच नाहीसे होतात. आजोबांना ते सारे ठाऊक असतात, पण सांगायचे कोणाला आणि कशाच्या निमित्ताने? नुसता शब्द सांगून काय उपयोग? ‘वीत’ म्हणजे काय हे कळण्यासाठी मुलाने आपला पंजा जमिनीवर ताणून पाहिला पाहिजे, आणि आजोबांचा पंजा आपल्यापेक्षा मोठा असल्याबद्दल तक्रार केली पाहिजे.

खर्चाच्या दृष्टीने याहून स्वस्त छंद सापडणे कठीण. एका रिंगणाला ४९ लहान गोट्या, मारण्यासाठी बारा मोठ्या, वाळूची चार-पाच घमेली, वर्तुळ आखायला तीन फुटांची दोरी आणि एक खिळा. लहान गोट्या १६ मिलिमीटरच्या घेतल्या तरी चालतात. मात्र सर्व एकाच मापाच्या असाव्यात, म्हणून विकत घेताना एका पुठ्ठ्याला त्या मापाचे भोक पाडून प्रत्येक गोटी त्यातून घालून पाहावी. हे काम मुलांवर सोपवले तर ते आनंदाने करतात. पंच म्हणून ज्याला डोळ्यांनी नीट दिसते आणि ज्याचा नातू कोणत्याही संघात नाही असा गृहस्थ निवडावा. वर्तुळाच्या रेषेवर थांबलेली गोटी आत की बाहेर, हे त्याने पहिल्या डावापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.